लहरी सेल्फ : दोषशोधनाचा एक पाठ

ओहमचा नियम परीक्षेंत बिनचूक लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. परंतु घरच्या मोटारसायकलीचा सेल्फ लागेनासा झाला म्हणजे तो नियम त्यांपैकीं फारच थोड्यांस आठवतो. गाडी लहरी झाली, तिला पाऊस सोसत नाहीं, असें म्हणून ते मोकळे होतात. वास्तविक यंत्राला लहर नसते. ज्या बिघाडाला आपण लहर म्हणतों, त्याचें कारण एका ठराविक जागीं बसलेलें असतें, आणि तें शोधण्याचा मार्गही ठराविक आहे. तो मार्ग आमच्या विद्यार्थ्यांस दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय आम्हीं निवडला याचें कारण तो आमच्या भागांतील रोजच्या व्यवहाराचा आहे. पेणेहून वडखळ, नागोठणें व भिसे खिंड या मार्गानें रोह्यापर्यंतचा रस्ता सुमारें ४० किलोमीटरांचा आहे. या रस्त्यानें धाटाव येथील कारखान्यांत पाळीवर जाणारे कित्येक तरुण जुनी विकत घेतलेली मोटारसायकल वापरतात. गाडी चालू झाली नाहीं तर पाळी चुकते, आणि पाळी चुकली तर त्या दिवसाची कमाई बुडते. सदोदित असणारा बिघाड एका परी बरा, कारण तो मिस्त्रीच्या डोळ्यांसमोरही हजर असतो. पण कधीं दिसणारा आणि कधीं न दिसणारा बिघाड गाडी गॅरेजांत नेतांच नाहींसा होतो. मग केवळ अंदाजानें आज बॅटरी बदलली जाते, पुढच्या महिन्यांत रिले, त्याच्या पुढच्या महिन्यांत मोटर. आणि गरिबाचे पैसे खर्च होऊनही मूळ दोष जागच्या जागींच राहतो.

१. सेल्फचे दोन मार्ग

पूर्वीं मोटारगाडी चालू करण्यासाठीं तिच्यापुढें उभें राहून लोखंडी हँडल फिरवावें लागे. इंजिनानें उलट झटका दिला तर फिरविणाऱ्याचें मनगट मोडण्याची भीति असे. अमेरिकेंतील चार्लस केटरिंग या यंत्रविशारदानें सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींस बसविण्यांत आला, आणि तेव्हांपासून हे कष्ट हळूहळू संपले. आपल्या देशांत १९८४ सालीं स्थापन झालेल्या कायनेटिक होंडा कंपनीच्या स्कूटरनें बटण दाबून चालू होणारी दुचाकी लोकांच्या परिचयाची केली. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीनें २००१ सालीं पल्सर ही मोटारसायकल बाजारांत आणली. त्यानंतरच्या काळांत मोटारसायकलीवरील हें बटण खेड्यापाड्यांतही नेहमींचें झालें. पुढें कित्येक गाड्यांची किकच काढून टाकण्यांत आली, आणि सेल्फ ही चैन न राहतां गरज होऊन बसली.

या बटणामागें विजेचे दोन वेगळे मार्ग आहेत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. एक लहान मार्ग व दुसरा मोठा मार्ग.

लहान मार्ग असा : बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून चावीचा स्विच, तेथून इंजिन बंद करण्याचा स्विच, मग सेल्फचें बटण, मग रिलेमधील तारेचें वेटोळें. गाडी गिअरांत असतांना अकस्मात् उडी घेऊं नये म्हणून बहुतेक गाड्यांत याच मार्गावर न्यूट्रलचा व क्लचचा असे आणखी दोन स्विच ठेविलेले असतात. या मार्गानें थोडाच प्रवाह वाहतो, म्हणून येथील वायरी बारीक असतात.

मोठा मार्ग असा : बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबलीनें रिलेपर्यंत, रिलेच्या तांब्याच्या संपर्कांमधून दुसऱ्या जाड केबलीनें मोटरीपर्यंत, मोटरीच्या कार्बनांमधून आंत, आणि इंजिनाच्या अंगावरून अर्थिंगच्या केबलीनें परत बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. या मार्गानें फार मोठा प्रवाह वाहतो.

शुभवर्तमानांत वर्णिलेल्या शताधिपतीची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यानें शब्द टाकावा आणि शिपायानें कामास जावें. लहान मार्ग हा शताधिपतीचा शब्द होय, मोठा मार्ग हा शिपाई होय; आणि रिले हा त्या दोहोंना जोडणारा दुवा होय. सेल्फ लागला नाहीं तर पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, शब्दच पोंचला नाहीं, कीं शब्द पोंचूनही शिपाई हालला नाहीं?

२. ओहमचा नियम येथें कसा लागू पडतो

गेओर्ग ओहम हा आमच्याच व्यवसायांतला मनुष्य होता. जर्मनींतील कोलोन शहरीं एका माध्यमिक शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवितां शिकवितां त्यानें तारांवर प्रयोग केले, आणि १८२७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नियमाचा आशय इतकाच कीं, प्रवाहाला रोधानें गुणिलें असतां त्या रोधापायीं खर्च होणारा दाब मिळतो.

दाब आणि प्रवाह यांतील भेद रोहेकरांस समजावून सांगणें सोपें आहे. १९२७ सालीं सुरू झालेलें भिरा येथील वीजगृह घाटमाथ्यावरून खालीं आणलेल्या पाण्यावर चालतें, आणि तेंच पाणी पुढें कुंडलिका नदींतून रोह्याकडे वाहत येतें. पाणी किती उंचीवरून येतें तो दाब. दर सेकंदास किती पाणी येतें तो प्रवाह. नळाच्या तोंडाशीं गाळ साचला असला तरी तोटी बंद असतांना नळांतील दाब पूर्ण दिसतो, आणि थेंब थेंब पाणी घेतलें तरीही उणीव भासत नाहीं. पण तोटी पुरी उघडली म्हणजे मात्र पाण्याची धार बारीक होते. विजेच्या सांध्यावरील गंजाचें असेंच आहे.

एक उदाहरण करून पाहूं. समजा, एका सैल सांध्याचा रोध ०·०५ ओहम आहे. त्यांतून ६ वॅटचा एक लहान दिवा लावला. १२ व्होल्टांवर तो अर्धा अँपिअर प्रवाह घेतो; म्हणून सांध्यावर ०·५ × ०·०५ = ०·०२५ व्होल्ट एवढाच दाब खर्च होतो. दिवा लख्ख पेटतो आणि पाहणारा म्हणतो, वीज तर व्यवस्थित येत आहे! आतां त्याच सांध्यामधून सेल्फच्या मोटरीनें ६० अँपिअर प्रवाह मागितला असें समजा. खर्च होणारा दाब ६० × ०·०५ = ३ व्होल्ट. म्हणजे १२ व्होल्टांपैकीं एक चतुर्थांश दाब त्या इवल्याशा सांध्यानेंच गिळला, आणि ६० × ३ = १८० वॅट इतकी शक्ति तेथें उष्णतेच्या रूपानें वाया गेली. बॅटरीचा दाब मोठ्या प्रवाहाच्या वेळीं आधींच उतरलेला असतो. त्यांतून आणखी तीन व्होल्ट गेल्यावर मोटर कशी फिरणार?

या एका उदाहरणांत सर्व लेखाचें सार आहे. दिवा पेटतो, हॉर्न वाजतो, एवढ्यावरून मोठा मार्ग निर्दोष ठरत नाहीं. परीक्षा प्रत्यक्ष भाराखालीं, म्हणजे बटण दाबलेलें असतांनाच, घेतली पाहिजे.

३. आवाजावरून ओळख

कोणतेंही हत्यार हातांत घेण्यापूर्वीं कान द्यावा. बटण दाबल्यावर पुढीलपैकीं कोणता प्रकार होतो तें लिहून ठेवावें.

(अ) कांहींच आवाज नाहीं, टक् सुद्धां नाहीं. अशा वेळीं दोष बहुधा लहान मार्गांत असतो. क्लच दाबून पाहावा, गिअर पुढेंमागें करून न्यूट्रलचा हिरवा दिवा नीट लागतो कीं नाहीं तें पाहावें, इंजिन बंद करण्याचा स्विच चार-पांच वेळां इकडून तिकडे करावा, हँडल डावीकडे व उजवीकडे वळवून बटण दाबावें. हँडलच्या एका स्थितींत सेल्फ लागून दुसऱ्या स्थितींत लागत नसेल, तर मानेजवळ वारंवार वाकून वायर आंतून तुटली आहे असें समजावें. बाहेरचें आवरण शाबूत असल्यामुळें अशी वायर डोळ्यांस दिसत नाहीं.

(आ) एकच टक् असा आवाज होतो, पण मोटर फिरत नाहीं. शब्द पोंचला, शिपाई हालला नाहीं. दोष मोठ्या मार्गांत : रिलेचे संपर्क जळलेले, केबलीचा सांधा सैल, अर्थिंग खराब, किंवा मोटरीचे कार्बन झिजलेले.

(इ) टक-टक-टक असा भराभर आवाज होतो. बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचें टोक सैल आहे. रिले खेंचला जातो, मोटर प्रवाह मागते, दाब कोसळतो, रिले सुटतो, दाब परत येतो. हेंच चक्र एका सेकंदांत कितीतरी वेळां फिरतें.

(ई) मोटर गुणगुणते, पण इंजिन फिरत नाहीं. येथें विजेचा दोष नाहीं. मोटर व इंजिन यांमधील एकाच दिशेनें पकडणारा क्लच किंवा दांत्यांची चाकें झिजलीं आहेत. हें काम मिस्त्रीचेंच.

(आ) या प्रकारांत मीटर जवळ नसतांनाही एक खूण उपयोगी पडते. बटण दाबतांना न्यूट्रलच्या हिरव्या दिव्याकडे पाहावें. दिवा अगदीं मंद झाला तर बॅटरी दुबळी आहे, तिचें टोक सैल आहे, किंवा मोटर अडकून अतिशय प्रवाह ओढीत आहे. दिवा जरासाही मंद झाला नाहीं, तर मोठा प्रवाह वाहूंच शकला नाहीं. मार्ग कोठेंतरी तुटलेला आहे आणि बॅटरीवर ठपका ठेवण्यास आधार नाहीं.

४. मापून पाहणें

आतां मीटर घ्यावा. साधा मल्टिमीटर शाळेच्या प्रयोगशाळेंत असतोच. गाडी सपाट जागीं मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्यें उभी करावी. बोटांतील अंगठी व मनगटावरील धातूचें कडें काढून ठेवावें. शिशाच्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. बटण एका वेळीं पांच सेकंदांहून अधिक दाबूं नये, आणि दोन प्रयत्नांमध्यें मोटरीस विसांवा द्यावा. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून रिलेचीं दोन टोकें जोडण्याची जी चाल दिसते ती विद्यार्थ्यांनीं मुळींच अनुसरूं नये. ठिणगी उडते आणि पेट्रोलची टाकी वरच असते.

पहिलें माप : गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब. पूर्ण भरलेली बॅटरी १२·६ ते १२·८ व्होल्ट दाखविते. १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे, व पुढील मापें घेण्यापूर्वीं तिला चार्ज केलें पाहिजे.

दुसरें माप : बटण दाबलेलें असतांना त्याच दोन टोकांमधील दाब. मीटरची अणकुची केबलीच्या चिमट्यावर न टेकतां प्रत्यक्ष बॅटरीच्या टोकावर टेकावी. दाब साडेनऊ-दहा व्होल्टांच्या खालीं गेला तर बॅटरी भार सोसत नाहीं, किंवा मोटर अडकली आहे. अकराच्या वर राहूनही मोटर फिरली नाहीं, तर बॅटरी निर्दोष समजून पुढें जावें.

तिसरें माप : बटण दाबलेलें असतांना बॅटरीचें धन टोक व मोटरीचें टोक यांमधील दाब. हा अर्ध्या व्होल्टाच्या आंत असावा. अधिक असेल तर त्याच वाटेवर दोष आहे. मग मधले एक एक टप्पे मापावे : टोकापासून रिलेपर्यंत, रिलेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, रिलेपासून मोटरीपर्यंत. ज्या टप्प्यांत दाब हरवतो, त्या टप्प्यांत चोर सांपडतो.

चौथें माप : बटण दाबलेलें असतांना बॅटरीचें ऋण टोक व इंजिनाचें उघडें धातूचें अंग यांमधील दाब. तो पाव व्होल्टाच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. हें माप घेण्याचें बहुतेकांस सुचत नाहीं. वीज जातांना आपण पाहतों, परत येतांना पाहत नाहीं.

चारही मापें योग्य येऊन मोटर फिरत नसेल, तरच मोटर खोलावी. कार्बन आंखूड झाले म्हणजे स्प्रिंग त्यांस नीट दाबूं शकत नाहीं. मग मोटर एका जागीं थांबली तर लागते, दुसऱ्या जागीं थांबली तर लागत नाहीं. मोटरीच्या अंगावर लांकडाच्या तुकड्यानें हलकेंच ठोकल्यावर सेल्फ लागला, तर कार्बनांवर संशय घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही कीं, हीं मापें दोष हजर असतांना घ्यावयाचीं आहेत. सेल्फ सुरळीत लागत असतांना घेतलेलीं मापें तुलनेस उपयोगी पडतात; परंतु तेवढ्यावर निर्णय देतां येत नाहीं. म्हणून दोषास बोलावून आणावें : वायरींचे जुडगे हळूच हालवावे, वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवून इंजिन तापवावें, जोडण्यांवर थोडें पाणी शिंपडावें, आणि दर वेळीं बटण दाबून पाहावें.

५. मीठ आणि पाऊस

आमच्या भागांत हा बिघाड अधिक कां होतो याचें उत्तर पेणच्या परिसरांतील मिठागरांकडे पाहिलें म्हणजे मिळतें. खाडीवरून येणारी हवा दमट व खारट असते, आणि पावसाळ्याचे चार महिने गाडी कधीं पुरती वाळत नाहीं. शुद्ध पाणी विजेचें फारसें वाहक नाहीं. पण मीठ मिसळलेलें पाणी चांगलें वाहक आहे, आणि तें धातूस खातेंही. पितळेच्या भांड्यांत आंबट ठेविलें म्हणजे तें कळकतें, हें प्रत्येक घरांतील आईला ठाऊक आहे. केबलीच्या तांब्याच्या टोकांवर चढणारें हिरवें जंगाल त्याच जातीचें. बॅटरीच्या टोकांवर जो निळसर पांढरा थर दिसतो, त्यांत आम्लाच्या योगानें झालेला मोरचूद असतो.

असा थर सांध्यास सर्वस्वीं बंद करीत नाहीं. दोन धातू मोजक्याच बिंदूंशीं टेकून राहतात. रस्त्याच्या खड्ड्यांनीं ते बिंदु हालतात, उष्णतेनें सरकतात. म्हणून सकाळीं लागलेला सेल्फ दुपारीं लागत नाहीं आणि संध्याकाळीं पुन्हां लागतो. लहर म्हणतात ती हीच.

उपाय स्वस्त आहे. प्रथम बॅटरीची ऋण केबल सोडावी, मग धन. जोडतांना उलट क्रम, म्हणजे ऋण केबल सर्वांत शेवटीं. टोकें खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें पुसावीं, मात्र तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. सांधे काचकागदानें धातु चमकेपर्यंत घांसावे, नट घट्ट आवळावे, आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. हें वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळीनंतर, करावें.

६. एक प्रत्यक्ष उदाहरण

आमचा एक माजी विद्यार्थी पेणेहून धाटावला कामास जातो. त्याच्या जुन्या मोटारसायकलीचा सेल्फ आठवड्यांतून दोन-तीन वेळां दगा देई. किक नसल्यामुळें रात्रपाळीहून सुटल्यावर सोबत्यांकडून गाडी ढकलून घ्यावी लागे. एके रात्रीं सोबती पुढें निघून गेले होते. आई तापानें घरीं पडलेली, आणि हा पहांट होईपर्यंत गाडीपाशीं उभा. दोन महिन्यांत नवी बॅटरी बसली, नवा रिलेही बसला, पण दगा कायमच. आतां मोटर बदला असा सल्ला मिळाला, तेव्हां उसने पैसे मागण्यापूर्वीं तो आमच्याकडे आला.

आम्हीं त्यास मोटरीस हात न लावतां एक वही करावयास सांगितलें. दर वेळेस तारीख, वेळ, इंजिन तापलेलें कीं गार, पाऊस होता कीं नाहीं, आणि आवाज कोणता, एवढें त्यानें लिहावयाचें. दोन आठवड्यांनीं वहींत दिसून आलें कीं, दर वेळीं एकच टक् होतो, आणि हिरवा दिवा थोडासाच मंद होतो. म्हणजे शब्द पोंचत होता. बॅटरीही दुबळी नव्हती. मग एका रविवारीं उपासनेनंतर वायरी हालवीत हालवीत दोष हजर केला आणि मापें घेतलीं. धन बाजूस ०·३ व्होल्ट, निर्दोष. ऋण बाजूस, जेथें पाव व्होल्ट पुरे होता तेथें, साडेचार व्होल्ट! अर्थिंगची केबल इंजिनास ज्या बोल्टानें आवळली होती तो काढला. केबलीच्या टोकाखालीं रंगाचा व गंजाचा थर, आणि तांबें हिरवें पडलेलें. काचकागदाचा एक तुकडा व अर्ध्या तासाची मेहनत यांनीं तें माप ०·१ व्होल्टावर आलें. त्यानंतर सबंध पावसाळाभर सेल्फनें दगा दिला नाहीं.

बॅटरी आणि रिले हे दोघेही निरपराधी होते. साक्षीपुराव्यावांचून त्यांस शिक्षा झाली. मनुष्याचें म्हणणें ऐकून घेतल्याखेरीज त्यास दोषी ठरविणें योग्य नाहीं, असें निकदेमानें अधिकाऱ्यांच्या सभेंत सांगितलें होतें. यंत्रासंबंधींही तोच न्याय लावावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदलण्यापूर्वीं व नंतर मापावें, आणि जें फुकट तपासतां येतें तें पैसे घालून बदलण्याच्या आधीं तपासावें. मिस्त्रीकडे जावें लागलें तरी वही बरोबर न्यावी. प्रामाणिक मिस्त्रीस तिची मदतच होते, आणि उतावळ्यास ती आवरते.

अभ्यासार्थ प्रश्न

१. एका सांध्याचा रोध ०·०४ ओहम आहे. त्यांतून ५० अँपिअर प्रवाह गेल्यास किती व्होल्ट खर्च होतील? किती वॅट शक्ति उष्णतेच्या रूपानें जाईल?

२. बटण दाबलें असतां एकच टक् होतो, बॅटरीच्या टोकांवर १२·३ व्होल्ट राहतात, व हिरवा दिवा मंद होत नाहीं. दोष कोणत्या मार्गांत आहे? कोणत्या भागांवर संशय घेतां येत नाहीं?

३. बॅटरी काढतांना ऋण केबल प्रथम कां सोडावी? गाडीचा सांगाडा कोणत्या टोकास जोडलेला आहे, याचा विचार करून उत्तर द्या.

४. घरांतील एखाद्या मोटारसायकलीचीं वरील चार मापें वडील माणसांच्या देखत घ्या, आणि पावसाळ्यापूर्वींचीं व पावसाळ्यानंतरचीं मापें शेजारीं शेजारीं वहींत मांडा.